जुन्या मदरबोर्डवर कोणता प्रोसेसर चालेल, हे कसं ठरवायचं?

जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की प्रोसेसर बदलावा असं मनात येतं. मग शोध सुरू होतो तो प्रोसेसरचा: कोणता वेगवान, कोणाला किती कोअर (म्हणजे एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे आतले भाग), कोणाची चर्चा जास्त. एखादा आवडला की प्रश्न येतो, "हा माझ्या बोर्डवर चालेल का?" हा क्रम उलटा केला तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. तुमच्या बोर्डवर कोणकोणते प्रोसेसर चालतात याची यादी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच करून ठेवलेली असते. आपल्याला तिच्यातलं एक नाव उचलायचं आहे. ते उचलताना कुठे बघायचं आणि कशाला भुलायचं नाही, ते पुढे सांगतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि नेहमीचं काम करत राहा. डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटली आहे आणि प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर निवांत आहे, असं दिसलं तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे. तिथे एसएसडी लावा, प्रोसेसरला हात लावू नका. रॅम काठोकाठ भरलेली दिसली तर रॅम वाढवा. प्रोसेसर सतत नव्वदच्या पुढे राहत असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. मात्र एक बारकावा आहे. चार कोअरच्या साध्या प्रोसेसरवर एकच काम एका कोअरला पूर्ण दमवत असेल तर एकूण आकडा जेमतेम २५ टक्के दिसतो. तेव्हा त्या आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा बघा. विंडोज एकच काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे चित्र नेहमीच स्वच्छ येतं असं नाही, पण अंदाज येतो. एकाच कोअरवर ताण असेल तर कोअर वाढवून फरक पडणार नाही. प्रत्येक कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर लागेल.

बोर्डाची ओळख

आता बोर्ड कोणता आहे ते नेमकं शोधायचं. स्टार्ट मेन्यूत सिस्टिम इन्फर्मेशन हे नाव शोधून उघडलं की बेसबोर्डच्या ओळींमध्ये कंपनी आणि मॉडेल दिसतं. सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम हेच अधिक सुटसुटीत दाखवतो: मेनबोर्डच्या पानावर मॉडेल, चिपसेट (प्रोसेसरला बोर्डवरच्या बाकीच्या भागांशी जोडणारी चिप) आणि बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या, बोर्डवरच साठवलेल्या प्रोग्रॅमची) आवृत्ती. ही तिन्ही लिहून ठेवा.

कॅबिनेट उघडून बोर्डवर छापलेलं नावही एकदा वाचाच, कारण तिथे बहुतेक वेळा मॉडेलच्या शेजारी किंवा एखाद्या कोपऱ्यात रिव्हिजनचा आकडा असतो, १.० किंवा २.१ असा. एकाच नावाचा बोर्ड कंपनीने दोन-तीन वेळा सुधारून विकलेला असू शकतो आणि त्या प्रत्येकाची प्रोसेसरची यादी आणि बायोसची फाइल वेगळी असू शकते. नाव बरोबर, पण रिव्हिजन चुकीचं, या एका कारणाने चुकीचा बायोस चढवला जाऊ शकतो. त्यामुळे हा छोटा आकडा मॉडेलइतकाच महत्त्वाचा समजा.

सॉकेट जुळलं, तरी पुरेसं नाही

इथेच सर्वात जास्त लोक फसतात. सॉकेट म्हणजे प्रोसेसर जिथे बसतो ती चौकोनी जागा. एलजीए ११५५ म्हणजे ११५५ संपर्कबिंदू असलेलं इंटेलचं सॉकेट. एएम४ हे एएमडीचं, १३३१ पिनांचं. सॉकेट वेगळं असेल तर विषय तिथेच संपतो, प्रोसेसर बसणारच नाही. पण सॉकेट तेच असेल तर? किल्ली कुलपात शिरते, याचा अर्थ ती फिरेलच असा नाही.

सर्वात ठळक उदाहरण एलजीए ११५१ चं. २०१५ मध्ये हे सॉकेट आलं आणि त्यावर इंटेलचे सहाव्या व सातव्या पिढीचे प्रोसेसर बसायचे. चिपसेट होते १०० आणि २०० मालिकेतले: एच११०, बी१५०, झेड१७०, बी२५० वगैरे. २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तीही एलजीए ११५१ वरच. आकार तोच, खाचा तिथेच, बिंदू तितकेच. तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर एच११० वर लावला तर बोर्ड सुरूच होत नाही, आणि सातव्या पिढीचा प्रोसेसर ३०० मालिकेच्या एच३१० वर चालत नाही. चारऐवजी सहा कोअर आल्यावर प्रोसेसरला जास्त वीज हवी होती, म्हणून आधी राखीव ठेवलेल्या काही बिंदूंना वीज आणि अर्थिंगचं काम दिलं गेलं. वरून बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. हौशी मंडळींनी बायोसमध्ये फेरफार करून आणि काही बिंदूंवर चिकटपट्टी लावून जुन्या बोर्डवर आठवी पिढी चालवून दाखवली आहे. कौतुकास्पद आहे, पण रोजच्या कामाच्या मशीनवर हा उद्योग मी तरी कुणाला सुचवणार नाही.

त्याआधीच्या एलजीए ७७५ ची गोष्ट आणखी लांबलचक. २००४ च्या पेंटियम ४ पासून २००८ च्या आसपासच्या कोअर २ क्वाडपर्यंत सगळे याच सॉकेटमध्ये बसले. म्हणजे कोणत्याही एलजीए ७७५ बोर्डवर कोअर २ क्वाड लावता येईल? नाही. ९१५ चिपसेटचे बोर्ड साधारणपणे कोअर २ डुओदेखील ओळखत नाहीत. शिवाय त्या काळात प्रोसेसर आणि चिपसेट एकमेकांशी फ्रंट साइड बस नावाच्या मार्गाने बोलत, आणि त्या मार्गाचा वेग ८००, १०६६ किंवा १३३३ असा ठरलेला असे. प्रोसेसरला १३३३ हवा आणि बोर्ड १०६६ वरच थांबतो, अशी गाठ पडली की तो प्रोसेसर आपल्या यादीतून बाद.

पुढे एक मोठा बदल झाला. रॅमवर ताबा ठेवणारा भाग आधी चिपसेटमध्ये होता, तो प्रोसेसरच्या आत गेला. एएमडीने हे २००३ मध्ये केलं, इंटेलने २००८ मध्ये. तेव्हापासून कोणत्या प्रकारची रॅम चालणार हे प्रोसेसरही ठरवतो. एकाच सॉकेटमध्ये राहिलात तर रॅम बहुतेक वेळा तीच पुढे चालते, आणि जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर टाकण्यातली खरी बचत हीच आहे. सॉकेट बदललं की बोर्ड आलाच, आणि डीडीआर३ वरून डीडीआर४ किंवा डीडीआर५ वर जावं लागलं तर रॅमही आली.

सॉकेट आणि चिपसेट दोन्ही जुळल्यावर तिसरी अट उरते ती बायोसची. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा जो प्रोसेसर जन्मलाच नव्हता, त्याची ओळख त्याच्या बायोसमध्ये कुठून असणार? २०११ च्या एच६१ बोर्डवर दुसऱ्या पिढीचा आय३ सुरळीत चालतो. २०१२ च्या तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर मात्र बायोस अद्ययावत केल्याशिवाय पडदा उजळवत नाही. काही बोर्डांवर तर बायोससोबत चिपसेटमधल्या इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिन या भागाचं फर्मवेअरही (त्याच्या आतला प्रोग्रॅम) बदलावं लागतं. पंखा फिरतोय, दिवे लागलेत आणि डिस्प्ले मात्र नाही, हे लक्षण दिसलं की प्रोसेसर खराब ठरवण्याआधी बायोसकडे बघा.

यादी कशी वाचायची

बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या सपोर्ट विभागात सीपीयू सपोर्ट लिस्ट असते. अंतिम शब्द तिचाच. चिपसेटवरून काढलेले अंदाज, एखाद्याच्या व्हिडिओतलं "चालतं हो", विक्रेत्याने दिलेली हमी, हे सगळं तिच्यानंतर.

यादीत प्रोसेसरच्या नावापुढे सहसा वेग, कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), स्टेपिंग (एकाच प्रोसेसरची नंतर सुधारलेली आवृत्ती), वॅट आणि शेवटी कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. लोक नाव वाचतात आणि थांबतात. शेवटचा रकाना जास्त कामाचा आहे. तिथे एफ७ लिहिलं असेल आणि तुमच्या बोर्डवर एफ३ असेल तर जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस बदलायचा आहे, हे तिथेच कळतं. जुना प्रोसेसर देऊन टाकल्यावर कळलं तर बोर्ड सुरू करायलाच काही उरत नाही.

स्टेपिंगचा रकाना बहुतेक वेळा सोडून दिला तरी चालतो, पण जुन्या प्रोसेसरांच्या बाबतीत कधीकधी तो बोलतो. कोअर २ क्वाड क्यू६६०० हा बी३ स्टेपिंगमध्ये १०५ वॅटचा होता आणि नंतरच्या जी० स्टेपिंगमध्ये ९५ वॅटचा. नाव एकच, पण ९५ वॅटची मर्यादा असलेल्या बोर्डवर एक चालणार आणि दुसरा नाही.

यादीत नाव नाही, पण त्याच घराण्यातला भाऊ आहे, अशी परिस्थिती वारंवार येते. विशेषतः झिऑन, म्हणजे इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरच्या बाबतीत. झिऑन ई३-१२३० व्ही२ हा एलजीए ११५५ चा, चार कोअर आणि आठ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एकाच वेळी हाताळता येणारी कामं), ६९ वॅटचा प्रोसेसर. गुणांनी तो आय७-३७७० चा सख्खा भाऊच. घरगुती वापराच्या अनेक बोर्डांच्या यादीत तो आहे, अनेकांच्या नाही. यादीत असेल तर बिनधास्त घ्या, पण त्याला स्वतःचं ग्राफिक्स नाही हे ध्यानात ठेवून. नसेल तर परत घेण्याची बोली असल्याशिवाय घेऊ नका.

वीज आणि उष्णता

वरचं सगळं जुळलं तरी बोर्डाची ताकद बघायची राहते. पॉवर सप्लायकडून बोर्डला १२ व्होल्ट मिळतात, पण प्रोसेसरला लागतो सव्वा व्होल्टच्या आसपास. हे रूपांतर सॉकेटशेजारचे छोटे काळे चौकोनी भाग आणि गुंडाळ्या करतात. या भागाला व्हीआरएम म्हणतात. ९५ वॅटचा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालत असेल तर त्याला जवळपास ८० अँपिअर करंट लागतो. स्वस्त बोर्डवर हा भाग जेमतेम असतो, त्यावर हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) नसतो. मोठा प्रोसेसर लावला की तो भाग तापतो, बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि आठ कोअरवाल्याकडून चार कोअरइतकंच काम होतं.

एएमडीच्या एएम३+ बोर्डांवर हा प्रश्न फार ठळक होता. एफएक्स-८३५० हा १२५ वॅटचा. त्याच सॉकेटचा एफएक्स-९५९० तर २२० वॅटचा. आणि त्याच सॉकेटचे कितीतरी साधे बोर्ड फक्त ९५ वॅटपर्यंतचेच होते. अशा बोर्डवर एफएक्स-८३०० किंवा एफएक्स-६३०० हे ९५ वॅटचे पर्याय शहाणपणाचे ठरायचे.

इंटेलच्या वॅटच्या आकड्याकडेही थोडं संशयाने बघा. तो मूळ वेगावरचा असतो. टर्बो वेगावर, म्हणजे जड कामासाठी तात्पुरत्या वाढवलेल्या वेगावर, प्रोसेसर त्याहून बरीच जास्त वीज ओढू शकतो. एच३१० चिपसेटच्या एखाद्या साध्या बोर्डाच्या यादीत आय९-९९००के चं नाव दिसलं, तरी तिथे "चालतो" याचा अर्थ "सुरू होतो" इतकाच घ्या. बोर्डवर प्रोसेसरसाठीचा १२ व्होल्टचा कनेक्टर चार पिनांचा आहे की आठ, हेही बघून घ्या. चार पिनांवर ६५ वॅटचे प्रोसेसर आरामात चालतात; त्याच्या बरंच वर जायचं असेल तर आठ पिना असलेला बोर्ड बरा.

आणि कूलर. आय३सोबत आलेला बुटका ॲल्युमिनियमचा कूलर आय७ वर ठेवू नका. एलजीए ११५६ पासून १२०० पर्यंत इंटेलच्या साध्या बोर्डांवर कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरच आहे, त्यामुळे त्या काळातला कोणताही चांगला कूलर यातल्या कुठल्याही सॉकेटवर बसतो. एलजीए ७७५ चं अंतर ७२, एलजीए १७०० चं ७८.

आता निवड

समजा, एच६१ चा बोर्ड आहे आणि त्यावर पेंटियम जी६३० आहे: दोन कोअर, दोन थ्रेड. यादीत वरती आय७-३७७० पर्यंत नावं आहेत. मधे आय३-२१००, आय५-२४००, आय५-३४७० वगैरे. कोणता घ्यावा?

आय३-२१०० घेण्यात हशील नाही. कोअर दोनच राहतात, फक्त थ्रेड चार होतात. एक पायरी चढण्यासाठी पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची), वेळ आणि धोका पत्करायचा आणि हाती थोडासाच फरक येणार. आय५-२४०० हा चार कोअरचा, पण ९५ वॅटचा. त्याला बायोस बदलावा लागण्याची शक्यता कमी, ही त्याची जमेची बाजू. आय५-३४७० हा चार कोअरचाच, ७७ वॅटचा, थोडा वेगवान, पण बायोस अद्ययावत हवा. आय७-३७७० ही त्याच ७७ वॅटमध्ये चार कोअर, आठ थ्रेड देतो.

माझा कौल ७७ वॅटच्या दोघांपैकी एकाला. ब्राउझर, ऑफिसची कामं आणि थोडंफार फोटो एडिटिंग असेल तर आय५-३४७०. व्हिडिओचं रेंडरिंग, व्हर्च्युअल मशीन, प्रोग्रॅम कंपाइल करणं अशी सगळे थ्रेड वापरणारी कामं असतील आणि दोघांच्या किमतीत फार अंतर नसेल तर आय७. जुन्या सॉकेटवरचा सर्वात वरचा प्रोसेसर हा बहुतेक वेळा त्याच्या कामाच्या मानाने महाग असतो, कारण त्या सॉकेटवर अडकलेले सगळेच जण त्याच्यामागे असतात. त्याच्या एक पायरी खालचा बघा.

नावाच्या शेवटी के असलेला, म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येणारा), आय७-३७७०के एच६१ वर घेऊ नका. त्या चिपसेटवर प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवण्याची सोय नाही. पैसे त्या एका अक्षराचेच जातात. आणि एवढं सगळं करताना एच६१ वरचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) ३ गिगाबिटचेच आहेत आणि रॅमचे खाचे दोनच आहेत, हेही स्वीकारावं लागतं. प्रोसेसरने ते बदलत नाही.

याउलट एएमडीचं एएम४. इतकी उदार जागा जुन्या बोर्डांच्या दुनियेत क्वचितच सापडते. २०१७ च्या बी३५० बोर्डवर पहिल्या पिढीचा रायझन ५ १६०० चालत असेल, तर त्याच बोर्डवर २०२० पासूनची ५००० मालिका चालण्याची चांगली शक्यता आहे. ३०० मालिकेच्या बोर्डांना ती परवानगी एएमडीने २०२२ मध्ये दिली. १६०० आणि रायझन ५ ५६०० दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे आणि दोन्ही ६५ वॅटचे. म्हणजे बोर्डवर जास्तीचा भार नाही, पण प्रत्येक कोअर मात्र बराच पुढचा. आठ कोअर हवे असतील तर रायझन ७ ५७००एक्स हाही ६५ वॅटचाच. खेळांसाठी ५८००एक्स३डी प्रसिद्ध आहे, पण तो १०५ वॅटचा आहे. ए३२० सारख्या उघड्या व्हीआरएमच्या बोर्डवर त्याच्या वाटेला जाण्याआधी दोनदा विचार करा.

एएम४ मध्ये एक गंमतीशीर अडचणही आहे. अनेक जुन्या बोर्डांवर बायोस ठेवायची चिप १६ मेगाबाइटची होती आणि इतक्या पिढ्यांची माहिती तिच्यात मावेना. म्हणून काही कंपन्यांनी नव्या बायोसमधून सर्वात जुन्या प्रोसेसरांची ओळख काढून टाकली. नवा बायोस चढवला की तुमचा आत्ताचाच प्रोसेसर यादीतून गळतोय का, हे त्या आवृत्तीखालच्या सूचनेत वाचा. काही आवृत्त्यांनंतर मागे फिरता येत नाही, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

ग्राफिक्सची अक्षरं इथेच उरकून घेऊ. इंटेलमध्ये शेवटी एफ असेल, जसं आय५-९४००एफ, तर प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही. एएम४ च्या रायझनमध्ये उलट आहे: आकड्यानंतर जी असेल तरच ग्राफिक्स आहे, जसं ५६००जी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना ५६०० लावला तर पडदा काळाच राहणार. इंटेलमधला टी म्हणजे कमी विजेचा आणि म्हणून हळू. छोट्या कॅबिनेटसाठी चांगला, पण मोठ्या कॅबिनेटमध्ये तो घेण्याचं कारण नाही.

ब्रँडेड पीसी आणि लॅपटॉप

कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल तर बोर्डाची अशी यादी बहुतेक वेळा मिळत नाही. बायोसही कंपनीचा, त्यात ओळखी मोजक्याच. तिथे पद्धत वेगळी: तेच मॉडेल, तोच बोर्ड, कोणकोणत्या प्रोसेसरसह विकला जायचा ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये शोधा आणि त्या मर्यादेतच राहा. सडपातळ कॅबिनेटमध्ये कूलर आणि पॉवर सप्लाय दोन्ही छोटे असतात, त्यामुळे ६५ वॅटच्या वर जाण्याचा मोह टाळलेला बरा.

लॅपटॉपचं उत्तर थोडक्यात आहे. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढे लॅपटॉपचे जवळपास सगळे प्रोसेसर बोर्डवर झाळलेले असतात. बदलता येत नाहीत. चौथ्या पिढीपर्यंतच्या काहींमध्ये सॉकेट होतं. नावाच्या शेवटी एमक्यू असेल तर सॉकेटचा, एचक्यू किंवा यू असेल तर झाळलेला.

विंडोज ११ चा मुद्दा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि रायझनची २००० मालिका यांच्यापासून पुढचे प्रोसेसर आहेत. त्याआधीचे काही अपवाद सोडता नाहीत. याचा परिणाम निवडीवर सरळ होतो. एच११० बोर्डवर आय३-६१०० काढून आय७-७७०० लावला तर वेग चांगला वाढेल, पण विंडोज ११ च्या दृष्टीने तुम्ही जिथे होतात तिथेच. बी३५० वर १६०० च्या जागी ५६०० आला तर मात्र तोच बोर्ड दाराच्या आत येतो, बायोसमध्ये एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी प्रोसेसरमधली सोय) आणि सिक्युअर बूट (खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) सुरू करावं लागतं एवढंच. लिनक्स वापरणाऱ्यांना हा परिच्छेद विसरायला हरकत नाही.

वापरलेला प्रोसेसर घेताना

जुन्या सॉकेटचे प्रोसेसर बहुतांशी वापरलेलेच मिळतात. प्रोसेसर स्वतः सहसा लवकर मरत नाही, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण वरच्या धातूवरचा मजकूर वाचा. त्यावर मॉडेलऐवजी कॉन्फिडेन्शियल असा शिक्का असेल तर तो विक्रीसाठी नसलेला, चाचणीचा नमुना आहे. बोर्ड त्याला ओळखेलच याची खात्री नाही. एएमडीचा असेल तर खालच्या पिना तिरप्या नजरेने ओळीत बघा. एकही वाकलेली नको. आणखी एक फसवी गोष्ट: ब्रँडेड पीसीतून काढलेले काही रायझन प्रो प्रोसेसर सुरक्षेच्या कारणाने त्या उत्पादकाच्या बोर्डांशी कायमचे बांधलेले असतात. ते दुसऱ्या कुणाच्या बोर्डवर चालत नाहीत आणि ही गाठ सोडवता येत नाही. विक्रेत्याला आधीच विचारा की तो कुठून काढला आहे.

प्रत्यक्ष बदलताना

जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस चढवा. काही बोर्डांना प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याचं बटण असतं, पण जुन्या बोर्डांवर ते सहसा नसतं. वीज जाण्याची जराही शक्यता असेल तर यूपीएसशिवाय हे काम करू नका. खूप जुन्या आवृत्तीवरून एकदम नवीनवर उडी मारता येत नाही असे बोर्ड आहेत. मधली आवृत्ती आधी चढवावी लागते.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर घ्या किंवा ते तात्पुरतं थांबवा. एफटीपीएम प्रोसेसरशी बांधलेला असतो. नवा प्रोसेसर दिसला की बोर्ड एफटीपीएम नव्याने सुरू करायचा का असं विचारतो, आणि हो म्हटल्यावर विंडोज ती की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा तुमचाच असून तुम्हाला उघडता येणार नाही.

एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट वाळलेली असेल तर तो प्रोसेसरला सॉकेटमधून उपटूनच वर येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, प्लग काढा, मग कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात. तिथे बोट, कापड, पेस्ट काहीही लागू देऊ नका. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण आणि कडेच्या खाचा जुळवून तो नुसता ठेवायचा असतो. दाब तरफ देते.

पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही वेळ काळा राहू शकतो, कारण बोर्ड रॅमची जुळणी नव्याने करत असतो. मिनिट-दोन मिनिटं थांबा. तरीही काही आलं नाही तर सीमॉस क्लिअर करा (म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसून मूळ स्थितीला आणा), एकच रॅम लावून बघा. सुरू झाल्यावर सीपीयू-झेडमध्ये नाव आणि कोअरची संख्या तपासा, मग अर्धा तास जड काम देऊन तापमान आणि वेग दोन्ही बघा. तापमान ठीक असूनही वेग वारंवार मूळ आकड्याच्या खाली येत असेल तर व्हीआरएमवर संशय घ्या. तिथे हवा पोचेल असा एक पंखा लावल्याने बऱ्याचदा भागतं.

जुना प्रोसेसर लगेच कुणाला देऊन टाकू नका. नवा अधूनमधून अडखळला तर दोष त्याचा की बोर्डाचा हे ओळखायला, किंवा बायोस पुन्हा बदलायची वेळ आली तर बोर्ड सुरू करायला, खात्रीने चालणारा तोच एक असतो.